अर्ध्या तासात होणारे पोर्क चॉप्स

मला तव्यावर पोर्क चॉप्स करता येतात की नाही, हे तपासायला काउंटीने, म्हणजे आमच्या जिल्हा कचेरीने, एक बाई पाठवली होती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण गावात या प्रकरणाच्या बऱ्याच आवृत्त्या फिरताहेत आणि त्यातल्या एकीत तर मी त्या बाईवर तवा उगारला असंही आहे. मी तवा उगारलेला नाही. तो बिडाचा तवा आहे. तो उगारायचा तर मला आधी समोरच्या ड्वेनला मदतीला बोलवावं लागेल.

झालं असं, की माझी बायको मार्लिस ऑक्टोबरात गेली. त्यानंतर एके दिवशी मी शेगडीवर किटली ठेवली आणि खुर्चीत जरा डोळा लागला. जागा झालो तेव्हा किटलीला बूड उरलं नव्हतं आणि शेजारची लाव्हॉन दारात उभी होती. लाव्हॉनने पाहिलेली गोष्ट चर्चच्या तळघरात पोचायला आणि तिथून मिनियापोलिसला माझ्या मुलीच्या कानावर जायला एक रविवार पुरतो. जॅनेल आली. "डॅड, तू एकटा राहू शकत नाहीस," ती म्हणाली. मी म्हणालो, राहू शकतो. तिने किटली पुढे धरली. शेवटी तह झाला. काउंटीत म्हाताऱ्यांची पाहणी करणारं एक खातं आहे. त्यांचा माणूस येईल, मी त्याच्यादेखत स्वतःच्या हाताने गरम जेवण करायचं आणि तो जे लिहील ते दोघांनी मानायचं. राहू शकतो म्हणाला तर मी माझ्या घरात. नाही म्हणाला तर मी 'पेलिकन व्ह्यू' वृद्धाश्रमात. आम्ही हातावर हात मारला. मी, ऑर्डेल साथर, जन्मभर शाळेत भूमिती शिकवली आहे. गृहीत धरलेलं मध्येच बदलायचं नसतं, हे मी गावातल्या तीन पिढ्यांना सांगत आलोय, तेव्हा शब्द फिरवण्याची सोय मला नव्हती.

पेलिकन व्ह्यूविषयी माझं काही वाईट मत नाही. तिथून पेलिकन पक्षी दिसत नाहीत, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानाची मागची बाजू दिसते, पण नावाला कोण धरून बसतो. माझे बरेच मित्र तिथे आहेत. म्हणजे होते. तिथे रात्रीचं जेवण भर दुपारी देतात आणि त्यानंतर एक उत्साही मुलगी सगळ्यांकडून टाळ्यांचा व्यायाम करून घेते. मला टाळ्या वाजवायला आवडत नाही. मला माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून ड्वेन दारातला बर्फ किती चुकीच्या पद्धतीने काढतो हे बघायला आवडतं. बाकी मला आयुष्याकडून आता फारसं काही नको आहे.

पदार्थ कुठला, हा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे गुरुवार म्हणजे पोर्क चॉप्स. मार्लिस ते करायची तेव्हा मी पेपर वाचत असे आणि पेपर संपला की जेवण तयार असे, त्यामुळे पाककृती मला तोंडपाठ होती. चॉप्स तव्यात दोन्ही बाजूंनी तांबूस करायचे, कांदा टाकायचा, वरून मश्रूमच्या दाट सूपचा डबा ओतायचा, त्यात थोडं दूध, आणि झाकण ठेवायचं. अर्धा तास. यात चुकण्यासारखं काही असेल असं मला मनापासून वाटत नव्हतं.

पण आमच्या गावात माणूस एकटा कधी चुकत नाही. त्याला साथ असते.

"दूध?" ड्वेन म्हणाला. "अरे, दूध काय घालतोस? मांस आहे का ते बाळ आहे? बिअर घाल."

ड्वेन किट्टलसन हा आमच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा प्रमुख. आग या विषयावर त्याचा अधिकार मी मानतो. पण आगीवर जे जे ठेवलं जातं तेही सगळं आपल्याच अखत्यारीत येतं, अशी त्याची समजूत आहे.

"बिअर घाला, म्हणजे काउंटीची बाई लिहील की म्हातारा दारू पितो," लाव्हॉन म्हणाली. ती आलीच होती. "ऑर्डेल, तुम्ही माझं ऐका. मश्रूम वगैरे काही नाही. चिकनचं सूप घ्या. मश्रूम तळाशी लागतो."

हे ऐकून मला धक्का बसला नाही, कारण हा वाद जुना आहे. आमच्या चर्चने दोन पंथ एक झाले ते सोसलं, वेदीवर गिटार आली तीही सोसली, पण हॉटडिशमध्ये, म्हणजे मांस नि बटाटे एका भांड्यात भाजून करतात त्यात, मश्रूमचं सूप घालायचं की चिकनचं, यावरून तळघरातल्या स्वयंपाकघरात आजही दोन वेगळी टेबलं आहेत. मार्लिस मश्रूमच्या टेबलाची. लाव्हॉन चिकनच्या. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या, पण टेबल म्हणजे टेबल. मार्लिसला पोचवून आल्यावर तळघरात जे जेवण होतं, त्याला लाव्हॉनने चिकनच्या सूपमधला हॉटडिश आणला होता. तो खाताना मला फार बेइमानी केल्यासारखं वाटलं. दोनदा वाढून घेतला.

"मश्रूमच," मी म्हणालो. "सूप घरात आहे."

सूप घरात होतं हे खरं. अडचण एवढीच, की कुठलं ते कळत नव्हतं. मार्लिस सेल लागला की डबे आणून तळघरातल्या फळीवर रचून ठेवायची. गेल्या वसंतात बर्फ वितळला, तळघरातला पंप बंद पडला आणि खालची फळी पाण्याखाली गेली. लेबलं सुटून तरंगायला लागली. मी ती सगळी गोळा करून, दोरीवर चिमटे लावून, नीट वाळवली होती. मार्लिसने वर येऊन ती दोरी बघितली. "छान," ती म्हणाली. "आता कुठलं कुणाचं ते सांग." तेव्हापासून आमच्याकडे जेवणात जरा जुगार असे. ती मात्र डबा हातात घेतला की ओळखायची. कसं, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला वेळ आहे असंच वाटत होतं.

आता कुणीही विचारेल, दुकानात जाऊन नवा डबा आणायला काय झालं होतं? ड्वेननेही विचारलं. मी त्याला म्हणालो, फळी भरलेली असताना नवा डबा विकत आणणं ही उधळपट्टी आहे. ते त्याला लगेच पटलं. खरं कारण ते नव्हतं. ती फळी तिने भरली होती. ती असती तर तिने खाली जाऊन बरोबर तोच डबा आणला असता. मी दुकानात गेलो असतो तर ती नाही हे मला तिथे गल्ल्यावर उभं राहून मान्य करावं लागलं असतं, आणि गल्ल्यावरची पोरगी विचारते, "सगळं मिळालं ना?"

तेव्हा बुधवारी आम्ही तिघं तळघरात उतरलो. ड्वेनचं म्हणणं, डबा कानाशी धरून हलवला की आतला माल बोलतो. त्याने पहिला डबा हलवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "मश्रूम." उघडला. बीट निघालं. दुसरा लाव्हॉनने हलवला. "हे सूपच आहे, पण कुठलं ते सांगत नाही," ती म्हणाली. पीच निघाले. ते आम्ही तिथेच जिन्यावर बसून खाल्ले, कारण उघडलेला डबा टाकणं आमच्यात बसत नाही. पीच खाल्ल्यावर ड्वेनला नवा आत्मविश्वास आला. बीट आणि पीच आता त्याला ऐकू येऊ लागले होते, म्हणजे उरलेल्यातला जो दोन्हींसारखा वाजत नाही तो मश्रूम. या तर्कात एक मोठं भोक आहे हे मला दिसत होतं. नववीतल्या मुलाने असं सिद्ध करून दाखवलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. पण लाव्हॉनने मान डोलावली आणि मला बहुमताविरुद्ध बोलवत नाही.

"हा," ड्वेनने एक डबा माझ्या हातात दिला. "माझ्या आईची शपथ, हा मश्रूम."

"तुझी आई चिकनच्या टेबलावर होती," लाव्हॉन म्हणाली.

राहता राहिले चॉप्स. ते होते फ्रीझरमध्ये, पांढऱ्या कागदात गुंडाळलेले, कारण आम्ही दर वर्षी एका शेतकऱ्याकडून अर्धं डुक्कर घेतो. बुधवारी रात्री मी ते पुडकं काढलं आणि गॅरेजमधल्या बाकावर वितळायला ठेवलं. मार्लिस तिथेच ठेवायची, हे मी स्वतः अनेकदा पाहिलं होतं. ती जूनमध्ये ठेवायची, एवढं फक्त माझ्या ध्यानात आलं नाही. जानेवारीत आमचं गॅरेज फ्रीझरपेक्षा थंड असतं. गुरुवारी दुपारी ड्वेनने त्यातला एक चॉप हातात घेऊन बाकावर आपटून पाहिला. बाकाला खोक पडली.

"हे बघ," तो म्हणाला, "वितळायला लागलेत म्हण."

तेवढ्यात दारात बाईंची गाडी थांबली, आणि ड्वेन मागच्या दाराने घरी पळाला.

मिस मोंतोया. वय असेल आमच्या जॅनेलपेक्षा कमी. मूळची ॲरिझोनाची, हिवाळ्याच्या तोंडावर इकडे बदलून आलेली, हे तिच्या कोटावरून कुणीही सांगितलं असतं. आमच्याकडे तसला कोट बायका जुलैत संध्याकाळी घालतात. फार सभ्य मुलगी. तिने बूट दाराशी काढले, हे मला आवडलं. मग ती मार्लिसच्या खुर्चीवर बसली. तिला काय माहीत. 

"मिस्टर साथर, मी इथे नाहीच असं समजा," ती म्हणाली. "मला मदत करायची परवानगी नाही आणि खायचीही नाही. तुम्ही रोज जसं करता तसं करा."

मी रोज टोस्ट करतो, हे मी तिला सांगितलं नाही. तवा तापवला, त्यात चांगली चमचाभर चरबी घातली आणि चारही चॉप्स सोडले. ते ठण् असे वाजले. आजवर मी पोर्क चॉपचा असा आवाज ऐकला नव्हता आणि मिस मोंतोयानेही ऐकला नसावा, कारण तिने लिहिता लिहिता वर पाहिलं.

गोठलेलं मांस तापलेल्या चरबीत पडलं की काय होतं ते मला आता माहीत आहे. आधी चरबी उडते. मग ती शेगडीच्या तापलेल्या तारेवर पडते. मग धूर होतो. मग भिंतीवरचा धुराचा भोंगा वाजू लागतो, आणि तो बंद करायला खुर्चीवर चढावं लागतं. म्हाताऱ्या माणसाने खुर्चीवर चढणं हे काउंटीच्या दृष्टीने आगीपेक्षा वाईट. मिस मोंतोया अर्धी उठली आणि नियम आठवून परत बसली. मी खुर्ची सोडली आणि फडकं हवेत फिरवू लागलो. मी हे सगळं मोठ्या शांतपणे करत होतो, असं माझं मत आहे. मिस मोंतोयाने ते कसं लिहिलं मला ठाऊक नाही.

मागचं दार उघडलं. बाहेरची हवा आत आली. आमच्याकडच्या जानेवारीच्या हवेचं वर्णन करण्यात अर्थ नाही, नाक आतून चिकटतं एवढंच सांगतो. त्या हवेबरोबर ड्वेन आत आला. हेल्मेट, पिवळा कोट, गुडघ्यापर्यंत चढवलेले बूट, सगळा थाट.

"ऑर्डेल, हे अधिकृत आहे," तो म्हणाला. "मी शेजारी म्हणून आलेलो नाही."

"ड्वेन, काही झालेलं नाही. घरी जा."

"प्रमुख म्हणून मला एकदा तवा बघावा लागेल." त्याने तवा बघितला, वाकून वास घेतला. "उलटव आता," तो हळूच म्हणाला.

"मदत चालणार नाही," मिस मोंतोया म्हणाली. तिचे दात वाजत होते. मी माझा जाड कोट खुंटीवरून काढून तिच्या अंगावर घातला. ती घेईना. "मला तुमच्याकडून काही घेता येत नाही," ती म्हणाली, पण तोवर तिचे हात बाह्यांत गेले होते.

मग लाव्हॉन. तिच्या हातात फॉइलने झाकलेलं भांडं होतं आणि ती म्हणाली, "मी सहज इथून जात होते." आमच्या मागच्या दारावरून सहज कुठेही जाता येत नाही. पलीकडे नुसतं मक्याचं शेत आहे, आणि त्यात कमरेइतका बर्फ.

आता सूप. मी ड्वेनने शपथेवर दिलेला डबा घेतला आणि सगळ्यांदेखत उघडला. आत फिकट पिवळं, दाट, जागचं न हलणारं काहीतरी होतं. त्यात मश्रूम नव्हते. त्यात चिकनचे बारीक तुकडे होते. लाव्हॉन ते दारातून बघत होती आणि एक अक्षर बोलली नाही. लाव्हॉन गप्प बसलेली मी त्यापूर्वी फक्त दोन अंत्यविधींत पाहिली आहे. मी मनात मार्लिसची माफी मागितली आणि डबा तव्यात ओतला. दूध घातलं, झाकण ठेवलं आणि पेपर घेऊन बसलो. कारण पुढची कृती मला तेवढीच माहीत होती.

पेपर संपला. चॉप्स दगडच होते. मी छोट्या जाहिराती वाचल्या. निधनवार्ता वाचल्या, त्या आमच्या पेपरात बऱ्याच असतात. बाहेर अंधारून आलं. ड्वेन हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता आणि लाव्हॉन मिस मोंतोयाला तिच्या आईवडिलांविषयी विचारत होती. कधी तरी मी झाकण काढून काटा टोचला, आणि काटा आत गेला. आतून स्वच्छ पाणी आलं. वर सूपला तांबूस साय धरली होती. आणि वास, खरं सांगतो, तो वास गुरुवारचा होता. मला क्षणभर काही दिसेनासं झालं. धूर अजून होताच घरात, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

मी शेगडी बंद केली. ती बंद केल्याचं मिस मोंतोयाला मोठ्याने सांगितलं.

ड्वेन आणि लाव्हॉनला तिने बाहेर पाठवलं आणि माझ्यासमोर बसली. "मिस्टर साथर," ती म्हणाली, "अर्ध्या तासाचं जेवण म्हणाला होतात." मी मान खाली घातली. "पण तुम्ही घाबरला नाहीत. भाजून घेतलं नाहीत. मांस नीट शिजेपर्यंत थांबलात, आणि शेगडी बंद केलीत. मी लिहिणार आहे की तुम्ही इथे राहू शकता."

मी उठून उभा राहिलो. का, ते माहीत नाही.

"फक्त एक," ती म्हणाली. "आठवड्यातून काही दिवस काउंटीची मदतनीस येईल. थोडा स्वयंपाक, औषधं, थोडी सोबत. तेवढं असलं की माझी काही हरकत नाही. पाठवू ना तिला?"

आता आमच्याकडची एक रीत सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे कुणी काही देऊ केलं, मग तो केकचा तुकडा असो की बर्फात रुतलेली गाडी ओढायला ट्रॅक्टर असो, तर पहिल्यांदा 'नको' म्हणायचं असतं. पहिल्यांदा विचारणं हा निव्वळ शिष्टाचार. दुसऱ्यांदा विचारलं की 'नको नको, कशाला त्रास' म्हणायचं असतं. तेव्हा माणूस खरंच विचारतोय की काय अशी शंका येऊ लागते. तिसऱ्यांदा विचारलं, की ते खरं. तेव्हा 'बरं, तुमचा आग्रहच आहे तर' म्हणून घ्यायचं. पहिल्याच खेपेला 'हो' म्हणणारा माणूस मी माझ्या उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. मी स्वतः मार्लिसला लग्नाचं तीनदा विचारलं होतं, आणि पहिल्या दोन नकारांनी मला जराही वाईट वाटलं नव्हतं.

तेव्हा मी म्हणालो, "छे छे, नको. कशाला."

"नक्की ना?" मिस मोंतोया म्हणाली.

"नको, नको. माझं आपलं चाललंय. उगाच कुणाला त्रास," मी म्हणालो, आणि 'बरं, आग्रहच आहे तर' तोंडात तयार ठेवलं.

तिने हातातल्या टॅब्लेटवर बोट टेकवून माझं उत्तर नोंदवलं. कोट काढून खुर्चीवर नीट ठेवला, बूट चढवले, माझा हात हातात घेऊन म्हणाली, "तुमच्या निर्णयाचा मी मान राखते." आणि गेली. मी तोंड उघडून दारात उभा होतो.

"विचारलं नाही?" मी सांगितल्यावर लाव्हॉन ओरडली. "तिसऱ्यांदा विचारलंच नाही? कुठल्या घरात वाढलीय ही पोरगी!"

"ॲरिझोनात," ड्वेन म्हणाला. "तिथे गरम असतं. लोकांना धीर नसतो."

शुक्रवारी आम्ही तिघं ड्वेनच्या पिकअपमध्ये बसून काउंटीच्या कचेरीत गेलो. तिथला साहेब निघाला कर्टिस लिंडक्विस्ट, माझाच विद्यार्थी. त्याला एकरूप त्रिकोण कधीच समजले नाहीत, पण मुलगा मनाने चांगला. आम्हाला बघताच तो उठून उभा राहिला.

"सर, कॉफी घ्या."

"नको रे," मी म्हणालो.

"थोडीशी?"

"नको नको, आत्ताच झाली," लाव्हॉन म्हणाली.

"तयारच आहे, वाया जाईल."

"बरं, असेल तर घोटभर," ड्वेन म्हणाला, आणि तिघांनी घेतली.

"बघ," मी कप खाली ठेवून म्हणालो, "हेच." मग मी सगळं सांगितलं. मी त्याला ते भूमितीसारखं पायरी पायरीने मांडून दाखवलं. कर्टिस पूर्ण वेळ मान हलवत होता. त्याच्या आजीनेही आयुष्यभर असंच केलं होतं. एकदा तिने गाडीत बसायला दोनदा नको म्हटलं म्हणून लोक तिला मेळ्यात सोडून आले होते.

"सर, मला कळतंय हो," तो म्हणाला. "शंभर टक्के कळतंय. पण संगणकात दोनदा नकार दिसतोय. एक नकार म्हणजे 'अनिश्चित'. दोन म्हणजे 'ठाम'. तिसऱ्याला तिथे जागाच नाही."

"मग जागा कर!"

"ते राजधानीतून येतं." त्याने आमच्याकडे न बघता कागद सारखे केले. "आणि मदतनीस नाकारली, की बाकीचं आपोआप बदलतं. एकट्याने राहणं सुरक्षित नाही, असं आलंय. नवा अर्ज करता येईल. पण यादी मोठी आहे, सर. उन्हाळा उजाडेल."

बाहेर येऊन ड्वेनने पिकअप चालू केली आणि बराच वेळ ती नुसती चालू ठेवून बसला. "तरी मी म्हणत होतो, बिअर घाल," तो शेवटी म्हणाला. लाव्हॉनने त्याला कोपराने ढोसलं.

रविवारी जॅनेल येणार होती. मी शनिवारी दुकानात जाऊन मश्रूमच्या सूपचा नवा डबा आणला. लेबल असलेला. चॉप्स सिंकमध्ये वितळवले. रविवारी तवा तापवला, कांदा टाकला, सूप ओतलं, आणि अर्ध्या तासात जेवण झालं. एकही गोष्ट चुकली नाही. मला वाटतं मी ते चांगलं केलं होतं. बघायला कुणी नव्हतं.

जॅनेलने अहवाल वाचलेला होता. "डॅड, तू मदत नाकारलीस?" ती दारातच म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं आणि ती भिंतीला टेकून हसत सुटली, इतकी की तिला डोळे पुसावे लागले. मग ती डोळे पुसतच राहिली. ती इथेच वाढलीय. तिला समजावून सांगावं लागत नाही.

आम्ही जेवायला बसलो. "पेलिकन व्ह्यूमध्ये एक खोली रिकामी झालीय," ती म्हणाली. "पुढच्या आठवड्यापर्यंत धरून ठेवतील."

"ठरलंय तसं," मी म्हणालो. "हातावर हात मारलाय."

ती ताटातला चॉप कापत राहिली. नुसता कापत राहिली, खात नव्हती. खिडकीबाहेर ड्वेन पायरीवरचा बर्फ तिरका ढकलत होता.

"नाहीतर आमच्याकडेच ये ना, डॅड," ती खिडकीकडे बघत म्हणाली.

या आठवड्यात मी एकच गोष्ट शिकलो होतो. माणसाने विचारलं की उत्तर द्यायचं. रीत वगैरे बघत बसायचं नाही.

"येतो," मी म्हणालो.

काटा तिच्या तोंडाजवळ थांबला. जॅनेलचा चेहरा आईवर गेलाय, त्यावर काही लपत नाही. मला त्यात तिचं सगळं घर दिसलं. मुलींची एकच खोली, तिच्या नवऱ्याचं, ग्रेगचं, रात्रपाळीनंतर दिवसा झोपणं, एकच न्हाणीघर, जिना. ती एकेक दार उघडून बघत होती आणि कुठेच मी मावत नव्हतो. बिचारीने रीतीप्रमाणे विचारलं होतं. तिच्या आईने असंच शिकवलं होतं तिला.

"हो... म्हणजे... ग्रेगला..." ती म्हणाली. "छानच होईल."

"अगं, थट्टा केली," मी म्हणालो. "तुमच्याकडे दोन मांजरं आहेत. मी शिंकून शिंकून मरेन."

"डॅड!" ती हसली. तिचे खांदे खाली आले, आणि तिने तो घास खाल्ला. "तुझं आपलं काहीतरीच."

मी वाट बघत बसलो. हा माझा पहिला नकार झाला होता. तिने आणखी एक चॉप घेतला. "वाईट नाही झालेत," ती म्हणाली. आमच्याकडे जेवणाची याहून जास्त स्तुती करत नाहीत. मग कॉफी झाली. मग तिने तवा धुतला आणि मी पुसला. ती कोट घालून दारात उभी राहिली आणि आम्ही हवेविषयी बोललो. पायरीवर थांबून रस्त्यांविषयी बोललो. गाडीत बसून तिने काच खाली केली आणि मी खिडकीशी वाकलो. आमच्याकडे निरोप असाच घेतात, आणि पुष्कळदा खरं बोलणं तिथेच होतं.

"पोचले की फोन करते," ती म्हणाली.

"सावकाश जा."

ती गेली. ड्वेनने पलीकडून फावडं वर करून हात केला. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी रस्त्यात उभा होतो. दुसऱ्यांदा तिने विचारलं नाही.